चारशे बारा फोन

बाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं. मागे सगळे त्यांना खातरजमाबाई म्हणायचे, समोर नुसतं बाई. एकतीस वर्षं त्या आमच्या हिशेब विभागात एकाच खिडकीखाली बसल्या आणि तेवढ्या काळात त्यांनी एकही गोष्ट ऐकीव माहितीवर धरली नाही. बाहेर पाऊस पडतोय असं कुणी म्हटलं, तर त्या उठायच्या, खिडकीतून हात बाहेर काढायच्या, हात पुसायच्या आणि मग म्हणायच्या, "हो, पडतोय."

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. त्यातली पाच त्यांच्यावर चिडण्यात घालवली. माझा स्वभाव घाईचा. जिना उतरतानासुद्धा मला शेवटच्या दोन पायऱ्या गाळायच्या असतात, आणि बाई म्हणजे पायऱ्या मोजत उतरणारं माणूस. जे सांगणार आहे त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगायला मला धीर होत नाही.

वर्ष संपलं की आमच्या विभागाच्या नाकी नऊ यायचे. वर्षभरात ऑफिसला ज्यांनी काही पुरवलं किंवा काही काम करून दिलं, म्हणजे पाण्याचे जार आणणारा, लिफ्टची देखभाल करणारा, पडदे धुणारा, पत्रांचं भाषांतर करणारी, अशा प्रत्येक पुरवठादारासाठी कर खात्याचा एक फॉर्म भरायचा असतो. एक प्रत त्याला, एक खात्याला. नाव आणि कर क्रमांक यांचा मेळ बसला नाही की फॉर्म परत येतो. मग पत्रव्यवहार, दंड, आणि या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे साहेबांचं तोंड.

बाईंच्या हातून गेलेला फॉर्म कधी परत आला नाही. कारण फॉर्म भरण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करायच्या. प्रत्येकाला. चारशे बारा नोंदी, चारशे बारा फोन. प्रश्न चार: नाव सांगा, पत्ता तोच का, कर क्रमांक तोच का, काही बदल? उत्तर माणसानं स्वतःच्या तोंडानं द्यायचं. मग एका जाड नोंदवहीत त्यांची ओळ पडायची. 'स्वतः बोलले. आवाज नेहमीचा.' 'मुलगी बोलली. ते आंघोळीला. अर्ध्या तासानं पुन्हा केला. स्वतः बोलले.' एका ठिकाणी तर 'स्वतः बोलले. रागावले.' असंही होतं, आणि ते लागोपाठ सात वर्षं होतं.

मी एकदा म्हटलं होतं, "बाई, सगळ्यांना एक ईमेल टाकला की काम होईल."

"ईमेल कोण पाठवतंय ते दिसतं का?" त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाकडूनही येतो तो. माणूस आहे की नाही, ते आवाजावरून कळतं."

त्या वर्षी फॉर्मांचा मोसम संपला की बाई निवृत्त होणार होत्या. साहेबांना घाम फुटला. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे फॉर्म तयार करणारं एखादं सॉफ्टवेअर निवडा. बाई जायच्या आत. तीन बघा, तक्ता करा, एकावर बोट ठेवा." मला तर तेच हवं होतं. मनातल्या मनात मी त्या जाड नोंदवहीला माळ्यावर टाकूनही मोकळी झाले.

तिन्ही कंपन्यांनी महिनाभर वापरून बघायला दिलं. पहिलं सॉफ्टवेअर फॉर्म देखणा छापायचं, पण नाव लांब असलं की शेवट कापायचं. त्याचं नाव आम्ही 'न्हावी' ठेवलं. दुसरं दर पाच मिनिटांनी पासवर्ड मागायचं आणि 'आपण नक्की आहात ना?' असं विचारायचं. ते 'सासूबाई'. तिसरं मात्र शहाणं होतं. नाव आणि क्रमांकाचा मेळ ते कर खात्याच्या नोंदींशी आपण होऊन बसवायचं, दुरुस्त केलेले फॉर्म वेगळे ठेवायचं, कुणी कधी काय बदललं त्याची तारीखवार नोंद करायचं, आणि यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर शोधून काढायचं. ते आम्ही 'शहाणं' म्हणूनच ओळखायला लागलो. दाखवायला आलेला माणूस अभिमानानं म्हणाला, "हे एकदा बसवलं की कुणाला फोन करायची गरज नाही."

बाई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "आणि एकसारखी दोन माणसं असली तर?"

"तशी नसतात हो," तो हसून म्हणाला.

एका गुरुवारी मी शहाण्यात आमची खरी यादी घातली. तालमीसाठी खोटी यादी करायची असते, हे मला माहीत होतं. पण खोटी करायला अर्धा दिवस लागला असता. शहाण्यानं क्षणभर विचार केला आणि चौदा जोड्या समोर ठेवल्या. 'या नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात. एकत्र करायच्या?' मी वरच्या चार-पाच पाहिल्या. पडदे धुणारा दोनदा होता, एकदा दुकानाच्या नावानं, एकदा स्वतःच्या. लिफ्टवालाही तसाच. मग मी 'सर्व एकत्र करा' दाबलं. चारशे बाराचे तीनशे अठ्ठ्याण्णव झाले. मला फार बरं वाटलं. चौदा फोन वाचले, हा हिशेबही मी केला.

बाईंचे फोन त्यांच्या पद्धतीनं चालूच होते, त्यांच्या कागदी यादीवरून. पुढच्या बुधवारी त्यांची जवळजवळ सगळी यादी संपली. जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघीच होतो. यादीत शेवटी एक नाव राहिलं होतं, त्याच्यापुढे खूण नव्हती.

"ही बाइंडिंगवाली दरवर्षी शेवटीच का?" मी विचारलं. आमच्या ऑफिसची सगळी रजिस्टरं तीच बांधून द्यायची. दोन गल्ल्या पलीकडे तिचं दुकान होतं.

बाईंनी डबा बंद केला. मग जे सांगितलं ते तसंच सरळ सांगितलं, फॉर्म वाचून दाखवावा तसं. बाइंडिंगवाली त्यांची बहीण होती; चेहऱ्यातलं साम्य मी पाहिलं होतं, पण घाईत कधी विचारलं नव्हतं. जुळी. बाई अकरा मिनिटांनी मोठ्या. लग्न दोघींनी केलं नाही. वीस वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती, तेव्हा भरतीच्या फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' अशी एकच ओळ होती. फॉर्म भरायचं काम अर्थातच बाईंचं. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचा नंबर लिहिला. ओळ एक होती म्हणून एक नाव लिहिलं. आई पहाटे गेली, तेव्हा दवाखान्यानं फोन एकीलाच केला. दुसरी सकाळी डबा घेऊन पोचली तर पलंगावरची चादरही बदललेली होती.

"तिनं तो फॉर्म मागून घेतला," बाई म्हणाल्या. "बघितला. म्हणाली, मी कोण मग? तेवढंच. त्यानंतर बोलली नाही. मीही नाही. तिचं माझं एका बाबतीत अगदी सारखं आहे, दोघी हट्टी. रस्त्यात समोरून आली तरी मी मान वळवत नाही, तीही नाही."

"पण तुम्ही दरवर्षी फोन करता तिला."

"ऑफिस करतं," बाई म्हणाल्या. "ऑफिसच्या फोनला उत्तर द्यावं लागतं."

मी हिशेब केला. फोन करायची ही पद्धत बाईंनी किती वर्षांपूर्वी सुरू केली, हे सगळ्यांना माहीत होतं. वीस. एका माणसाला फोन करता यावा म्हणून त्यांनी चारशे बारा जणांना फोन करायची रीत पाडली होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघावंसं वाटलं, आणि लाजही वाटली.

त्यांनी नोंदवहीतलं शेवटचं पान काढून दाखवलं. वर्षाला एक, अशा वीस ओळी. 'नाव सांगितलं. तोच. तोच. नाही. खोकला कोरडा.' 'नाव सांगितलं. तोच. तोच. नाही. आवाज बसलेला.' 'नाव सांगितलं. तोच. तोच. नाही. मागे कुणीतरी गात होतं, रेडिओ असावा.'

"यंदा शेवटचा फोन," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी इथे नाही, मग कुठल्या तोंडानं करू? म्हणून चाराच्या पुढे एक पाचवा विचारायचा म्हणते. कशी आहेस, एवढंच. ऑफिसच्या फोनवर चालेल ना गं?"

"चालेल की," मी म्हटलं. 

गुरुवारी अकरा वाजता बाईंनी पदर नीट केला, खुर्ची पुढे ओढली आणि नंबर फिरवला. फोन व्यस्त. दहा मिनिटांनी पुन्हा व्यस्त. बारापर्यंत सात वेळा. मी म्हटलं, द्या इकडे, आणि रिसीव्हर कानाला लावला. तो आवाज मला ओळखीचा वाटला. आपण आपल्याच नंबरला फोन लावला की येतो ना, तसा तुटक, जवळचा आवाज होता तो.

मी माझ्या जागेवर गेले आणि शहाणं उघडलं. बाइंडिंगवालीचं नाव घातलं. 'अशी नोंद नाही.'  मी एकत्र केलेल्या जोड्या उघडल्या आणि खाली गेले. चौदावी जोडी मी त्या दिवशी पाहिलीच नव्हती. प्रवासखर्च द्यावा लागतो म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांच्या नोंदीही पुरवठादारांच्याच यादीत असतात. आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक, जन्मतारीख एक, पत्ता दोघींचाही वडिलांच्या जुन्या घराचा. कर क्रमांक एकाच दिवशी काढलेले, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. शहाण्यानं तो टंकनदोष धरला होता. खाली एकच नाव राहिलं होतं, आणि ते बाईंचं होतं.

आता यादीतली एक नोंद गेली म्हणून जिवंत माणसाचा फोन बंद पडत नाही. ते मलाही कळतं. मी स्वतःला तेच समजावत साहेबांकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, आपली बाइंडिंगवाली यंदा रजिस्टरं कधी देणार?"

"बाइंडिंगवाली कोण?" साहेब म्हणाले. "रजिस्टरं आपल्या बाईच बांधून आणतात की घरून. इतकी वर्षं."

मी बाहेर येऊन टेलिफोनवरच्या मुलीला विचारलं. तिनंही तेच सांगितलं, वर "काय गं, बरी आहेस ना?" असं विचारलं. मी बाइंडिंगवालीचा चेहरा आठवायला गेले. गेल्या वर्षी मीच तिच्याकडून गठ्ठा आणला होता. डोळ्यांपुढे बाईच आल्या. जुळ्या आहेत, येणारच, असं म्हणून मी आणखी जोर लावला. काउंटरच्या मागे बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई, दोऱ्याला गाठ मारणाऱ्या बाई. दुसरं कुणी तिथे येतच नव्हतं. 

मग मी जाऊन बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "जोड्या किती?"

"चौदा."

"चौदावी न बघता?"

"न बघता."

"चल," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

दुकान उघडं होतं. शटर अर्धं वर, आत दिवा लागलेला. खळीचं भांडं स्टोव्हवर होतं आणि वरची साय अजून हलत होती. शिकंज्यात एक रजिस्टर दाबून ठेवलेलं, त्याच्या पाठीवर ओला कापडी पट्टा. चष्मा पुठ्ठ्यांच्या चळतीवर घडी न करता ठेवला होता. मी त्याला हात लावला. काड्या कोमट होत्या, नुकत्याच कानांवरून काढाव्यात तशा. पण आत कुणी नव्हतं. त्या खोलीला मागचं दार नाही, खिडकी नाही. बाई उंबऱ्यातच थांबल्या. आत गेल्या नाहीत. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, मान ताठ करून, आणि मग एकदम वळून रस्त्यावर आल्या.

शेजारच्या टपरीतला किल्लीवाला कानशीनं किल्ली घासत होता. बाईंना बघून तो थांबला.

"आत्ताच तर आत गेलात," तो म्हणाला. "बाहेर कधी आलात?"

"मी नव्हे. माझी बहीण," बाई म्हणाल्या.

"बहीण?" तो हसला. "इतकी वर्षं शेजारी बसतोय, कधी बोलला नाहीत बहीण आहे म्हणून."

आम्ही परत निघालो. मीच बडबडत होते. शहाण्यात 'वेगळे करा' म्हणून सोय आहे, सात दिवसांची मुदत असते, सातवा दिवस आजच आहे, चारला मुदत संपते, अजून तास आहे. बाई नुसत्या चालत होत्या. एका दुकानाच्या काचेत आमचं प्रतिबिंब पडलं, तिथे त्या थबकल्या, काचेत नीट बघितलं आणि पुढे निघाल्या. त्या काय मोजत होत्या ते मला कळलं. मीही मोजलं होतं. दोघीच होतो.

'वेगळे करा' दाबायचा अधिकार तपासनिसाला होता, म्हणजे बाईंना. त्यांनी त्यांचा पासवर्ड घातला. पडद्यावर प्रश्न आला: 'दोन्ही व्यक्तींशी स्वतंत्र बोलून खातरजमा केली आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

बाईंनी हात मागे घेतला.

"दाबा ना बाई," मी म्हटलं.

"मी बोललेली नाही तिच्याशी."

"अहो, ती तुमची बहीण आहे. तुमच्याबरोबर जन्माला आली. यात तपासायचं काय?"

"जन्माला आली हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आज आहे का, हे माहीत नाही. तिच्या तोंडून उत्तर आल्याशिवाय मी हो म्हणत नाही."

"एकदा खोटं लिहिलं तर काय होतंय?"

"लिहिलंय एकदा," बाई म्हणाल्या. "एका ओळीत. तिला न विचारता. त्याचं काय झालं ते तुला कालच सांगितलं ना."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडली होती. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की रडूच यायला लागलं. एक बोट टेकवायचं होतं. ते नाही टेकवलं तर चारनंतर जगात बाईंना बहीण नव्हती, आणि हे माझ्या घाईपायी. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी बाईंच्या टेबलावरची नोंदवही उचलली आणि काही न बोलता जुन्या कागदपत्रांच्या खोलीत गेले. तिथे एक जुना काळा फोन आहे. दार लावून घेतलं. शेवटचं पान उघडून समोर ठेवलं आणि बाईंच्या टेबलाचा नंबर फिरवला. मला कसलीही लाज वाटत नव्हती. वीस वर्षांची उत्तरं माझ्यासमोर लिहिलेली होती, आणि सगळी मिळून जेमतेम पाच शब्द.

बाईंनी फोन उचलला. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्यांचा ऑफिसचा आवाज आला, कोरडा आणि स्वच्छ.

"नाव सांगा."

मी आवाज खाली आणला आणि बाइंडिंगवालीचं नाव सांगितलं. मग जरा खोकले.

"पत्ता?"

"तोच."

"कर क्रमांक?"

"तोच."

"काही बदल?"

"नाही."

मला वाटलं, झालं. आता ठेवतील आणि 'हो' दाबतील. पण त्यांनी ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला पाचवा प्रश्न आठवला. त्याचं उत्तर नोंदवहीत नव्हतं. वीस ओळींत कुठेच नव्हतं.

"कशी आहेस?" बाईंनी विचारलं. हा आवाज ऑफिसचा नव्हता.

मी तोंड उघडलं नाही. हे मी कुणाच्याही समोर शपथेवर सांगेन. माझे ओठ मिटलेले होते आणि डावा हात मी तोंडावर धरलेला होता. रिसीव्हरमध्ये, माझ्या कानापासून बोटभर अंतरावर, कुणीतरी आधी खोकलं, कोरडं. मग म्हणालं, "बरी आहे. तू जेवलीस का?"

बाईंचाच आवाज होता तो. पण बाई दुसऱ्या टोकाला होत्या आणि त्याच वेळी रडत होत्या.

"नाही अजून," बाई म्हणाल्या.

"साडेतीन वाजले," तो आवाज म्हणाला.

 फोन ठेवला तर तार तुटेल, ही एवढीच भीती मला होती. मी रिसीव्हर हळूच, अंडं ठेवावं तसा टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. रिसीव्हरमधून दोन आवाज येत होते, बारीक, एकाला एक लागून, आणि कुठला कुणाचा ते सांगता येत नव्हतं. त्या खोलीत कागदांचा वास येतो आणि एरवी तिथे मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी मी दाराच्या कडीवरचा हात काढला नाही.

आवाज थांबल्यावर मी परत गेले. चारला दहा मिनिटं होती. पडद्यावर दोन नोंदी होत्या, एकीखाली एक. बाईंनी 'हो' दाबून टाकलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता नोंदवहीसाठी हात पुढे केला.

"पहिली चार उत्तरं तुझी होती," त्या म्हणाल्या. "ती बोलण्याआधी खोकते, नंतर नाही."

माझी मान खाली गेली. "मग तुम्ही हो कसं म्हणालात?"

"पाचव्यावर म्हणाले," बाई म्हणाल्या आणि ओळ लिहायला लागल्या.

मी त्या संध्याकाळी तक्ता पुरा केला. शहाण्याची शिफारस केली नाही. सासूबाईंची केली. 'दर वेळी विचारते' असं कारण लिहिलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली. जाता जाता मी रजिस्टरांचं सहज विचारलं, तर म्हणाले, "अहो, बाइंडिंगवालीला आठवण करा, रजिस्टरं अडलीत." दुपारचं काही त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई एकतीस वर्षांत पहिल्यांदा उशिरा आल्या. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता, पण आनंदी म्हणता आला नसता. मी चहा आणून ठेवला आणि बसले.

"दुकानात गेले होते," त्या म्हणाल्या.

"होत्या?"

"होती. काल कुठे होतीस म्हणून विचारलं. म्हणाली, इथेच. खळ ढवळत होते. तू दारात येऊन उभी राहिलीस, बरोबर ती तुमची पोरगी होती. तिनं माझ्या चष्म्याला हात लावला. मी दोनदा हाक मारली, तू पाठ फिरवून चालायला लागलीस."

 मी माझा कप खाली ठेवला.

"पण बाई," मी म्हटलं, "आपल्याला ऐकू कुठे आलं?"

"तुला नसेल आलं," बाई म्हणाल्या. त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. "मला आलं होतं. दोन्ही वेळा. वीस वर्षांची सवय गं, मान वळवलीच नाही."